वासाची पानं, सोन्याचं पाणी

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. पाणी लाल झालं.

सकाळी तुझी पानं शुद्ध पाण्यात उकळली, गाळली, गार केली. दुसऱ्या चंबूत सोन्याच्या क्षाराचं पाणी होतं, फिकट पिवळं, लिंबू सरबतासारखं. त्यात पानांचा अर्क थेंब थेंब सोडला. आधी होता तो पिवळेपणाच गेला. पाणी बिनरंगी. वाटलं, फसलं. मग कडेने जांभळट झाक आली, आणि मी बाईंना बोलावून आणेपर्यंत अख्खा चंबू डाळिंबाच्या रसासारखा. बाई म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. त्यांच्या तोंडून 'बरं' एवढा शब्द निघाला की आम्ही तो आठवडाभर पुरवून वापरतो. त्या चष्मा कपाळावर सरकवून चंबूकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं."

तू विचारशील, सोनं आणि लाल कसं? सोन्याचे कण फार बारीक झाले की ते लाल दिसतात. किती बारीक, तर तुझ्या एका केसाच्या जाडीत हजारो कण मांडीला मांडी लावून बसतील. यांना नॅनोकण म्हणतात. ते करायला एरवी जहाल रसायनं लागतात, आम्ही ते काम झाडाकडून करून घेतो. पानातली द्रव्यं कण घडवतात आणि वर त्यांना एक पातळ अंगरखाही चढवतात, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. पुढे या कणांच्या पाठीवर कर्करोगाचं औषध बसवायचं. कण घोडा, औषध स्वार. घोड्याने थेट गाठीपाशी जायचं आणि वाटेत कुणाला लाथ मारायची नाही. कागदावर फार सोपं आहे.

तर आणखी पानं पाठव. नियम तेच. वासाच्या जिरेनियमची, शेंड्याकडची कोवळी, धुऊन सावलीत वाळवलेली. जिन्यातल्या लाल फुलांच्या जिरेनियमला हात लावायचा नाही. दिसायला ते सख्खं भावंड आहे, पण आमच्या कामाचं नाही.

सोबत छोट्या बाटलीत थोडं लाल पाणी पाठवतेय. खिडकीत ठेव. बघायचं, पाहुण्यांना दाखवायचं, प्यायचं नाही. आतोबा दुकान बंद करून वर आले की त्यांना आधी दाखव, दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासून त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना काही बरं दिसत नाही.

आणि हे पत्र आहे, याची नोंद घे. फोनवर मी नुसती 'हं हं' करते म्हणून पानांच्या प्रत्येक पाकिटामागे एक पत्र, हा तू ठोकलेला दंड मी निमूट भरतेय.

तुझी,
बेडकी

२५ जानेवारी

बेडके,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, कारण तुझ्या आतोबांना ऐकायचं होतं आणि ते स्वतःचाच चष्मा खाली दुकानात विसरून आले होते. अख्ख्या गावाला चष्मे लावणारा माणूस.

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सकाळी ऊन आलं की ओट्यावर लाल कवडसा पडतो. आतोबा त्याच्याशेजारी चहाचा कप ठेवून बसतात आणि चहा गार करतात.

तलावावर सगळ्यांना सांगून झालंय. सकाळी पोहायला शिकणाऱ्या बायकांच्या तुकडीला कंबरेइतक्या पाण्यात उभं करून तुझं भाषण ऐकवलं, घोडा, स्वार, सगळं. एकीने विचारलं, घोड्याला पोहता येतं का. म्हटलं, रक्तातून जायचंय, आल्याशिवाय कसं चालेल. बँकेतल्या मॅनेजरबाई अजून कठडा सोडत नाहीत. बँकेत म्हणे सगळे यांना घाबरतात. पाण्यात मात्र मला 'सोडू नका हं, सोडू नका हं' चाललेलं असतं.

एक विचारायचं होतं. तलावावरच्या एकीच्या ओळखीत कुणाला तरी छातीत गाठ लागलीय. डॉक्टरकडे जाऊ की नको, असं त्या बाईचं चाललंय. आता तुझं भाषण ऐकून तिला वाटतंय, हे पानांचं औषध येईपर्यंत थांबावं. कापाकापी नको, केस जायला नकोत. तर हे माणसांना कधीपासून मिळेल? गोड करून लिहू नकोस. तुला पहिल्यांदा पाण्यात ढकललं तेव्हा मी काही गोड बोलले नव्हते.

पानं सोबत आहेत. कोवळी.

आत्या

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

गोड न करता लिहिते. त्या बाईंना सांग, आमचं औषध अजून औषध झालेलंच नाही.

गेल्या आठवड्यात कर्करोगाच्या पेशींवर पहिली चाचणी घेतली. काचेच्या बशीत पेशी वाढवतात, त्यांच्यावर आपलं लाल पाणी औषधासकट सोडतात आणि कोण जगलं, कोण मेलं ते मोजतात. पुष्कळ पेशी मेल्या. मी लॅबच्या गॅलरीत जाऊन एकटीने उड्या मारल्या. बाई या वेळी 'बरं'च्या पुढे जाऊन 'बरं आहे' म्हणाल्या. पण आत्या, ती बशी आहे. बशीला यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं, पोरंबाळं नसतात. बशीतून उंदरात जायचं, उंदरातून माणसांत, आणि प्रत्येक पायरीवर बहुतेक औषधं गळतात. माझे केस पांढरे होईपर्यंत यातून काही निघालं तर मी स्वतःला भाग्यवान समजेन.

त्यांनी आमची वाट बघायची नाही. गाठ कसली आहे तेही अजून माहीत नाही ना त्यांना? कित्येक गाठी साध्या निघतात. आणि नाही निघाली साधी, तर लवकर गेलेलं केव्हाही चांगलं. उद्या जा म्हणावं. परवा नाही.

माझं इकडे असं झालंय की बाईंनी माझं नाव मोठ्या परिषदेसाठी दिलंय. तिथे आमच्या क्षेत्रातली झाडून सगळी मंडळी असतात. अट एकच. हाच निकाल पुन्हा पुन्हा यायला हवा. एकदा आला तर योगायोग, बाई म्हणतात, तीनदा आला तर बोलायला उभी राहा. त्यामुळे जरा जास्त पानं लागतील.

मॅनेजरबाईंचा कठडा सुटला का?

बेडकी

१६ मार्च

बेडके,

अक्षर आतोबांचं आहे, शब्द माझे. तलावाच्या पायरीवर पाय घसरला आणि उजवा हात मुरगळला. मोडलेला नाही. उगाच फोनवर फोन करू नकोस. आणि दादाला कळवू नकोस. तुझे बाबा असले तरी आधी माझा भाऊ आहे तो, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळं गाव शहाळी घेऊन विचारपूस करायला येईल.

पानं पाठवतेय. मीच तोडली आहेत.

त्या ओळखीतल्या बाई डॉक्टरकडे गेल्या. तू म्हणालीस तसं, दुसऱ्याच दिवशी.

मॅनेजरबाईंनी एक हात सोडला आहे.

आत्या

४ एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र जरा वाकडं होणार आहे, सांभाळून घे.

तुझ्या शेवटच्या पाकिटातल्या पानांनी पाणी लाल झालं नाही. निळसर जांभळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी तळाला काळपट गाळ. म्हणजे कणांना अंगरखा मिळाला नाही, ते एकमेकांना चिकटले, त्यांची ढेकळं झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी पाणी बदललं, चंबू बदलले, तापमान कमी केलं, वाढवलं. सोन्याचा क्षार खराब झाला म्हणून पुरवठादाराशी भांडले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, आता माफी मागायचीय. बाईंनी परिषदेच्या यादीतून माझं नाव तूर्त मागे घेतलंय.

हे सगळं मी सर्दीने नाक बंद असताना करत होते. परवा नाक मोकळं झालं, उरलेल्या पानांचं पाकीट उघडलं, आणि वासच नाही. चुरगाळून बघितलं, तरी नाही. एरवी तुझं पाकीट फोडलं की शेजारच्या टेबलावरचा मुलगासुद्धा मान वर करतो. ही लाल फुलांच्या कुंडीतली पानं आहेत. जून आहेत, आणि उन्हात वाळवलेली आहेत.

आता मला सांग. तू डोळे मिटून जिना उतरलीस तरी हात त्या वासाच्या झाडाला बरोबर लागतो. हात मुरगळला तर डाव्या हाताने तोडशील, नाहीतर शेजारी उभी राहून दुसऱ्याकडून तोडून घेशील आणि त्याला दहा सूचना देशील. ही पानं तोडली गेली तेव्हा तू जिन्यात नव्हतीस. घरातही नव्हतीस बहुतेक.

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आतोबांनी उचलला आणि "ती आंघोळीला गेलीय" म्हणाले. अर्धा दिवस पाण्यात काढणारी बाई घरी येऊन इतकी आंघोळ करत नाही.

मला परिषदेचं काही पडलेलं नाही. तू कुठे होतीस?

बेडकी

९ एप्रिल

बाळा,

हे पत्र मी दुकानात बसून लिहितोय. वर तुझी आत्या झोपली आहे. तुझं पत्र तिने वाचलं, उशीखाली ठेवलं आणि म्हणाली, "पोरगी हुशार झालीय, आता तुम्हीच काय ते लिहा." परवानगी मिळाली, म्हणून लिहितोय.

पानं मी तोडली. तिने दवाखान्यातून सांगितलं होतं की खालून तिसरी कुंडी. मी खालून मोजली की वरून, आता आठवत नाही. त्या दिवशी मला जिना कुठे सुरू होतो हेही धड दिसत नव्हतं. पानं उन्हात ठेवली कारण लवकर वाळावीत. तुझं काम बिघडलं, मला फार वाईट वाटतं.

गाठ तिलाच होती. उजव्या बाजूला. ओळखीतली बाई वगैरे कुणी नाही. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं, ते तिने ओट्याशी उभं राहून वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी तलावावर न जाता थेट डॉक्टरकडे गेली. मला तपासण्या झाल्यावर सांगितलं. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. काखेतल्याही काही गाठी काढल्या, म्हणून हात अजून खांद्याच्या वर जात नाही. तो मुरगळलेला हात हाच. आता केमो आहे. पुढच्या आठवड्यात पहिली. औषधांची नावं मी वेगळ्या कागदावर उतरवून जोडली आहेत, स्पेलिंग तपासून घे.

तुला कळवू नको म्हणाली. "ती सगळं टाकून येईल, आणि मग माझ्याकडे बघून रडेल की तिचं औषध तयार नाही म्हणून." हे तिचे शब्द आहेत.

आता माझं एक विचारणं आहे. मी शास्त्रातला माणूस नाही. पण त्या बशीत पेशी मेल्या, हे तू लिहिलं होतंस. ती बाटली इथे खिडकीतच आहे. पानं आपल्या घरची, सोनं तर लोक पूर्वापार औषधात घेत आले आहेत म्हणतात. रोज थोडं थोडं दुधातून दिलं, तर? डॉक्टरांचं सगळं करायचंच, हे वरून. आणि चालत असेल तर अजून एक मोठी बाटली पाठव. तिला सांगायची गरज नाही. मला नुसतं बसवत नाही गं.

तुझे आतोबा

१२ एप्रिल

आतोबा,

हे पत्र मिळायच्या आधी कदाचित मीच पोचेन. शनिवारी येतेय. पण फोनवर मला रडू येईल आणि तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणत विषय बदलाल, म्हणून लिहून ठेवते.

बाटलीतलं पाणी तिला द्यायचं नाही. एक थेंबही नाही. त्यात न वापरला गेलेला क्षार असतो, ते निर्जंतुक केलेलं नाही, आणि केमोच्या औषधांबरोबर ते पोटात काय करेल हे मला माहीत नाही. मला, म्हणजे जिने ते बनवलं तिलाच माहीत नाही. बशीतल्या पेशी तर साबणाच्या पाण्यानेही मरतात, आतोबा. मारणं सोपं असतं. बाकीच्यांना जिवंत ठेवून मारणं, त्यासाठी आम्ही सगळे आयुष्य घालवतोय.

तुम्ही जोडलेला कागद बघितला. स्पेलिंग बरोबर आहेत. त्यातलं तिसरं नाव बघा. ते औषध पहिल्यांदा मिळालं ते एका झाडाच्या सालीतून. कुणीतरी साल उकळली, गाळली, बशीत पेशी मेल्या, आणि माझ्यासारख्याच कुणीतरी गॅलरीत उड्या मारल्या असणार. तिथून सलाईनच्या नळीपर्यंत यायला त्याला जवळजवळ तीस वर्षं लागली. तुम्हाला तिला झाडाचं औषध द्यायचं होतं ना? ते मिळणारच आहे तिला. रांगेत उभं राहून, सगळ्या परीक्षा देऊन आलेलं.

नुसतं बसवत नाही, हे मला कळतं. मग हे करा. तिच्या हाताचे व्यायाम असतील, ते ती स्वतःचे स्वतः करणार नाही. दुसऱ्यांकडून करून घ्यायची सवय आहे तिला. तुम्ही तिचे मास्तर व्हा. ओरडेल. ओरडू द्या.

बाटली दुकानातल्या कपाटात, कुलपात.

बेडकी

२६ एप्रिल

बेडके,

डाव्या हाताने लिहितेय. ओळी डोंगर चढल्यासारख्या दिसतील, वाचून घे.

तू चार दिवस राहून गेलीस आणि घर परत शांत झालं. तू होतीस तेव्हा मी तुला भांडी घासायला लावलं, केस कापून घेतले, मॅनेजरबाईंचे किस्से सांगितले, पण जे बोलायला हवं होतं ते राहिलं. तुझी नजर खिडकीकडे जात होती. बाटली तिथे नव्हती. तू विचारलं नाहीस, आतोबांनी सांगितलं नाही. तर ऐक.

तुझं आतोबांना लिहिलेलं पत्र यायच्या आदल्या सकाळी हे दुधाचा ग्लास घेऊन आले. दूध गुलाबी. म्हटलं, हे काय, सरबत? म्हणाले, शक्तीचं आहे. तुला माहीत आहे, यांना खोटं बोलताना कानाच्या पाळ्या लाल होतात. मी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, "शक्तीचं आहे ना, मग आधी तुम्ही घ्या." मला वाटलं, आता कबूल करतील. तर हा माणूस खरंच ग्लास तोंडाला लावायला निघाला. मी डावा हात मारला आणि ग्लास उडवला. सगळं स्वयंपाकघर गुलाबी. मग आम्ही दोघं खाली बसून फरशी पुसत होतो. पुसता पुसता हे रडायला लागले आणि मला हसू यायला लागलं. कितीतरी वेळ तसंच. त्या दिवसापर्यंत घरात कुणी रडलंच नव्हतं, मी बंदी घातली होती. बाटली आता दुकानातल्या कपाटात, कुलपात आहे.

आता दुसरं. तू जाताना रिक्षात बसलीस आणि म्हणालीस, "माझं काम तुझ्या काही उपयोगाला आलं नाही." रिक्षा सुटली, म्हणून उत्तर देता आलं नाही. वेडे, जानेवारीत ती गाठ मला लागली होती आणि मी ठरवलं होतं की कुणाला दाखवायची नाही. तलावावर उभी राहून हजार बायकांना 'घाबरू नका' म्हणणारी मी, माझीच पाचावर धारण बसली होती. तुझ्या घोड्याची वाट बघू, तोवर असंच चालू दे, असं मनात पक्कं केलं होतं. तू गोडगोड लिहिलं असतंस तर मी थांबलेच असते. सर्जन म्हणाल्या, अजून काही महिने काढले असते तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा उपयोगाचं पुन्हा काढू नकोस.

पहिली केमो झाली. तोंडाची चव गेली आहे, सगळं नाणं चघळल्यासारखं लागतं. आतोबा मास्तर झालेत. सकाळ-संध्याकाळ मला भिंतीशी उभं करून बोटं भिंतीवर वर चढवायला लावतात, आणि बोटं पोचली तिथे पेन्सिलने खूण करतात. भिंत खराब होतेय म्हटलं, तर म्हणाले, होऊ दे.

पानं पाठवतेय. मी जिन्यात खुर्ची टाकून बसले होते, तोडली आतोबांनी. दहा सूचना दिल्या.

आत्या

३० जुलै

प्रिय आत्या,

फोनवर तुझा आवाज बारीक वाटला, म्हणून मी कामाचं काही बोलले नाही. आता पाचवी केमो पार पडलीय, आतोबा म्हणतात भुवयासुद्धा गेल्या आणि तू त्यांच्या दुकानातली जाड फ्रेम लावून ती जागा झाकतेस. फोटो पाठव. नाही म्हणू नकोस.

माझं सांगते. तुझ्या नव्या पानांनी पाणी लाल झालं. दर वेळी. त्या बाबतीत आता शंका नाही. पण पेशींच्या चाचण्या पुन्हा केल्या तेव्हा पहिल्यांदा मेल्या तितक्या पेशी मेल्या नाहीत. निम्म्याच्या आसपास. आणि मात्रा वाढवली की निरोगी पेशींनाही त्रास होतो. घोडा लाथा मारतो, थोडक्यात.

आठवडाभर मी त्याच बशा पुन्हा पुन्हा मोजत बसले. खरं सांगू, मनात कुठेतरी मी अजूनही शर्यत लावली होती. आतोबांना मोठ्या शहाणपणाने पत्र लिहिलं, तीस वर्षं वगैरे, आणि स्वतः मात्र लॅबमध्ये शिरताना वाटायचं, तुझ्या वेळेपर्यंत काहीतरी होईल. होणार नाही हे माहीत असून वाटायचं.

मग बाईंनी खोलीत बोलावलं. टेबलावर माझे दोन चंबू ठेवले होते, एक लाल आणि एक तो जांभळा, गाळ बसलेला. मी म्हटलं, तो टाकून द्यायचा राहिला. म्हणाल्या, "टाकायचा कशाला? एकाच घराण्यातली दोन झाडं, एक कण नीट घडवतं, एक नाही. का? पानात असं काय कमी-जास्त आहे? हे कुणाला नीट ठाऊक नाही. तेच ठाऊक नसताना आपण औषध बनवायला निघालोय, म्हणून निकाल एकदा येतो आणि पुन्हा येत नाही." मी म्हटलं, म्हणजे मी मागे जायचं? म्हणाल्या, "खाली जायचं. पाया बघायचा."

बाईंनी माझं नाव पुन्हा यादीत घातलं, पण परिषदेला मी औषधावर बोलले नाही. दोन चंबू घेऊन उभी राहिले आणि फरकावर बोलले. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी विचारलं, हे दुसरं झाड तुम्ही मुद्दाम निवडलंत का? मी म्हटलं, नाही, माझ्या आतोबांनी चुकून तोडलं. सभागृह हसलं. पण नंतर ते गृहस्थ चहाच्या वेळी मला शोधत आले आणि बराच वेळ बोलले. त्यांच्या लॅबमध्ये मला सहा महिने काम करता येईल.

माझं काम आता आणखी हळू होणार. तुला हे सांगताना बरं वाटत नाहीये, पण तुला गोड लिहायचं नाही असं ठरलंय.

दोन्ही झाडांची पानं लागतील. लाल फुलांचीही. आतोबांना तोडू देत.

बेडकी

२ नोव्हेंबर

बेडके,

उजव्या हाताने लिहितेय. ओळी सरळ आहेत, बघ.

केमो संपून आता बरेच दिवस झाले. परवाच्या तपासणीत सर्जनबाई म्हणाल्या, सध्या काही दिसत नाही. 'सध्या' हा शब्द त्यांनी नीट उच्चारला, मीही नीट ऐकला. दर काही महिन्यांनी जायचं, गोळ्या चालू ठेवायच्या. डोक्यावर केस आलेत, पण कुरळे. आयुष्यभर सरळ होते. आतोबा म्हणतात, बायको बदलून मिळाली.

तुझ्या हळू कामाचं मला काही वाईट वाटत नाही. मी आयुष्यभर लोकांना पोहायला शिकवलं. जो घाईत हातपाय मारतो तो बुडतो. पाण्यावर पडून राहायला आधी शिकावं लागतं आणि ते कुणालाच आवडत नाही. तू तुझं पडून राहणं शीक. सहा महिने तिकडे जातेयस, तर जा. पानं तिकडे पाठवू.

आता आजची हकीकत, म्हणून तर पत्र.

भिंतीवरचे व्यायाम एका जागी येऊन अडकले होते. कानाच्या वर हात जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता जखम पूर्ण भरलीय, पाण्यात करून बघा, पाणी हात उचलायला मदत करतं. मला काय सांगतात त्या. पण एकटीने जायचं नाही म्हणाल्या, उजव्या बाजूला कुणीतरी उभं हवं. मी म्हटलं, तलावावर माझ्या शिकवलेल्या दहा बायका आहेत. मॅनेजरबाईसुद्धा आता खोल पाण्यात जातात. आतोबा उठून खाली दुकानात गेले.

सकाळी मी तलावावर गेले, टोपी घातली, पाण्यात उतरले. इतक्या महिन्यांनी. गार पाणी जखमेच्या जागेवर आलं तेव्हा क्षणभर थांबावं लागलं. बायका काठावर जमल्या होत्या. आणि मागून कुणीतरी पायऱ्या उतरतंय, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून. तुझे आतोबा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कधी घोट्याच्या वर पाण्यात गेला नव्हता. मी शंभरदा म्हटलं असेल. दरवेळी दुकानाचं कारण. आज दुकानाला कुलूप लावून, कुणाची तरी ढगळ चड्डी मागून आणून, ओठ निळे, दात वाजताहेत, आणि एकेक पायरी उतरतायत.

म्हटलं, "अहो, राहू द्या."

म्हणाले, "उजवी बाजू माझी आहे. सरक."

छातीइतक्या पाण्यात माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. नाकावर चष्मा तसाच. मी म्हटलं, चष्मा तरी काढून ठेवा, पडेल पाण्यात. तर म्हणाले, "मग तुझा हात किती वर जातोय ते मला दिसणार कसं?"

मी हात उचलला. पाण्याने खरंच मदत केली. खांदा, कान, आणि मग कानाच्या वर. तिथे कळ आली आणि मी थांबले. यांच्या काचांवर पाणी उडालं होतं, धड दिसत नसणार, तरी मान वर करून बघत होते.

"अजून थोडा," म्हणाले.

आत्या